राज्याभिषेकाचा गावाकडचा हिशोब

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर किन्हवली लागतं. आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांना बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला, पोलीस ठाण्याला हेच गाव जवळ. या गावात कधी राजवाडा नव्हता आणि इथल्या मातीत कुणा राजाला अभिषेक झाला नाही. पण गावाला मध्ये ठेवून चहूकडे पाहिलं, तर गाद्यांच्या खुणाच खुणा दिसतात. वायव्येला माहुलीचे सुळके आहेत, तिथे निजामशाहीचा शेवटचा बालराजा मोगलांच्या हाती गेला. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि तिच्यात नाणेघाट आहे, तिथे सातवाहनांच्या राणीने यज्ञांचा आणि दक्षिणांचा हिशोब दगडात कोरून ठेवला. उत्तरेकडे डोंगर ओलांडत गेलं की जव्हार येतं, मुकणे घराण्याची सहाशे वर्षांची गादी. दक्षिणेला मुरबाडचा सिद्धगड आहे. इंग्रजांच्या बादशहाचं राज्य नाकारणाऱ्या दोन तरुणांनी तिथे १९४३ साली प्राण दिले.

राज्याभिषेकाची वर्णनं आपण राजाच्या बाजूने वाचत आलो. सिंहासन किती मणांचं, छत्र कसलं, दक्षिणा किती, तोफा किती. किन्हवलीसारख्या गावाच्या बाजूने हाच इतिहास वाचायचा, तर प्रश्न बदलतात. हा सोहळा गावात पोचला कसा? कुठल्या महिन्यात पोचला? त्याचा पैसा कुणाच्या कनवटीतून गेला? आणि सोहळा आटोपल्यावर गावाच्या हातात काय उरलं? हे चार प्रश्न घेऊन या मुलखातल्या गाद्यांकडे पाहिलं, की एकाच ‘राज्याभिषेक’ नावाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी घडून गेल्या ते उलगडतं.

घाटातला दगडी जमाखर्च

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गाठायचं आणि तिथून पायवाटेने वर चढायचं. घाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख कोरलेला आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख सातवाहन राणी नागनिकेचा. समोरच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, राजा सातकर्णी, स्वतः नागनिका आणि राजकुमार यांच्या मूर्ती होत्या. आता त्यांची पावलं आणि वरची नावं तेवढी शिल्लक आहेत.

या लेखात राजवैभव आहे ते यज्ञांच्या रूपात. अश्वमेध दोनदा झाला. राजसूयाचा म्हणजे राजाला अभिषेक करण्याच्या यज्ञाचा उल्लेखही अभ्यासक त्यात वाचतात. प्रत्येक यज्ञापुढे दिलेलं दान नोंदलेलं आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, वस्त्रं. हजारांचे आकडे. भारतातल्या अंकलेखनाचे फार जुने नमुने म्हणून या लेखातले अंक जगभरचे गणिताचे अभ्यासक पाहतात.

एवढं दान करायला धन आलं कुठून, याचं उत्तर लेण्याबाहेर उभं आहे. घाटवाटेला लागून दगडात घडवलेला एक मोठा रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून आजच्या मुरबाड तालुक्यातून या घाटाने जुन्नरकडे, पुढे पैठणकडे जाई. घाटातून जाणाऱ्याने जकात द्यायची. वर भिंतीवर दानाचे आकडे आणि वाटेवर वसुलीचा रांजण, असा संपूर्ण जमाखर्च इथे एका जागी पाहायला मिळतो. खालच्या मुलखातल्या माणसांचं नाव मात्र त्यात नाही. बैलं हाकणारे, वाट दाखवणारे, ओझी वाहणारे लोक त्या यज्ञांचा धूरही पाहू शकले नसतील. त्यांच्यापर्यंत राजाचा अभिषेक पोचला तो जकातीच्या रूपाने.

मांडीवरचा राजा

माहुलीची गोष्ट त्याहून करुण आहे. १६३३ साली दौलताबाद पडलं आणि मोगलांनी निजामशहाला कैद केलं. तेव्हा शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातलं एक लहान मूल शोधून त्याला संगमनेरजवळच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवलं. मूर्तिजा त्याचं नाव. राजा कळत्या वयाचाही नव्हता आणि शहाजीराजे त्याला मांडीवर घेऊन कारभार पाहत, असं परंपरा सांगते. त्या नावावर त्यांनी तीन वर्षं झुंज दिली. शेवटी पाठलाग चुकवत ते माहुलीला आले. मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान यांनी गडाला वेढा घातला. १६३६ साली तह झाला, मूर्तिजा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला आणि निजामशाही संपली. त्या धावपळीच्या काळात जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजेही माहुलीवर होते, असं मानलं जातं.

आसनगाव स्टेशनवर उतरलं की समोर दिसतो तो हाच गड. गादीवर बसवलेल्या राजाला लोकांची ओळख नसेल, त्याच्या नावाने कुणाच्या दारात तोरण लागलं नसेल, तर ती गादी एका वेढ्यात संपते, हे सहा वर्षांच्या शिवाजीराजांनी पाहिलं असेल तर तेही याच कातळावरून. पुढे १६७० साली हा गड घेताना मराठ्यांचा पहिला हल्ला फसला आणि बरीच माणसं कामी आली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मोरोपंत पिंगळ्यांनी तो जिंकून घेतला. चार वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा माहुली आणि त्याखालचा हा मुलूख स्वराज्यात होता.

रायगडचं सोनं आणि गावातलं तांबं

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. इंग्रजी तारीख ६ जून १६७४. गागाभट्टांनी चालवलेला तो विधी, बत्तीस मणांचं सुवर्णसिंहासन, नद्यांची आणि समुद्रांची आणलेली पाणी हे मराठी माणसाला पाठ आहे. सभासदाच्या बखरीत खर्चाचा आकडाही दिला आहे: एक कोटी बेचाळीस लक्ष होन.

हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रजांचा वकील त्या दिवशी दरबारात हजर होता. त्याने टिपून ठेवलेल्या गोष्टींत दोन-तीन फार बोलक्या आहेत. सिंहासनाच्या एका बाजूला भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू लावलेला होता, न्यायाची खूण म्हणून. दाराशी दोन लहान हत्ती उभे होते आणि इतक्या बिकट वाटेने ते वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं. या वकिलातीची तिसरी आठवण गडावरच्या एका म्हाताऱ्या खाटकाची आहे. इंग्रजांच्या मुक्कामाला मटण पुरवणारा तो इसम मुद्दाम त्यांना बघायला आला. वर्षानुवर्षांत विकलं गेलं नव्हतं एवढं मटण थोड्या दिवसांत संपवणारी ही माणसं आहेत तरी कशी, हे त्याला पाहायचं होतं. राज्याभिषेकाच्या एवढ्या मोठ्या कथेत सामान्य माणूस असा क्वचित डोकावतो, म्हणून तो खाटीक मला मोलाचा वाटतो. सोहळा त्याच्यापर्यंत गिऱ्हाइकाच्या रूपाने पोचला होता आणि त्या गिऱ्हाइकाचे पैसे त्याच्या हातात पडले होते.

खर्चाची बाजू पाहिली तर रायगडचं वेगळेपण कळतं. या सोहळ्यासाठी सिंहासनपट्टी बसवली गेली ती वतनदारांवर, म्हणजे देशमुख-देशपांड्यांसारख्या पिढीजात हक्क खाणाऱ्यांवर. नांगर धरणाऱ्या कुळाच्या माथी ती थेट मारली नाही. वतनदार आपला बोजा खाली ढकलण्यात पटाईत असत हे खरं. तरी राजाने बोट कुणाकडे दाखवलं, हे महत्त्वाचं आहे.

आता महिन्याचा प्रश्न. ज्येष्ठातली त्रयोदशी म्हणजे आपल्या मुलखात पेरणीची घाई. शेण, पालापाचोळा, फांद्या रचून उन्हाळ्यात राब भाजून झालेला असतो आणि पहिल्या सरींच्या अंदाजाने भाताचं बी टाकायचं असतं. तो मुहूर्त चुकला तर वर्ष गेलं. बखरींची परंपरा सांगते की त्या दिवशी गडोगडी तोफा झाल्या. तसं असेल तर माहुलीच्या पायथ्याच्या कुणब्याने आणि ठाकराने तो आवाज बी टाकता टाकताच ऐकला असणार. त्याला हातातलं काम टाकून नाचायला सवड नव्हती.

याच वर्षी दुसराही अभिषेक झाला, हे अनेकांच्या लक्षात नसतं. निश्चलपुरी गोसाव्यांनी तांत्रिक पद्धतीने तो केला, अश्विन शुद्ध पंचमीला, २४ सप्टेंबर १६७४ रोजी. पहिल्या अभिषेकानंतर बाराव्या दिवसाच्या आत जिजाबाईंचं पाचाडला निधन झालं होतं. पहिल्या विधीत देवतांचा मान राहून गेला, असं निश्चलपुरींचं म्हणणं होतं. पंडितांचा वाद बाजूला ठेवून गावाकडून पाहिलं, तर हा दुसरा मुहूर्त नवरात्रातला आहे. घरोघर घट बसलेले, गावदेवीपुढे जागर, शेतात हळवं भात पिवळं पडू लागलेलं. देवीच्या साक्षीने राजाला मान देण्याची ही रीत डोंगरातल्या माणसाला वेदमंत्रांपेक्षा जवळची होती.

आणि हातात काय उरलं? राज्याभिषेकाबरोबर नवी नाणी पडली. सोन्याचा होन गावात कोण पाहणार, पण तांब्याची शिवराई बाजारात आली. बोटांच्या चिमटीत मावणारी, कडा कधी गोल तर कधी वेडीवाकडी, झिजून गुळगुळीत होणारी. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अक्षरं जाडसर, नागरी. ती वाचता न येणाऱ्यालाही ती आपली आहेत हे ओळखू येई, कारण आधीच्या पैशावरची लिपी वेगळी होती. मीठ, तेल, मिरची घेताना हा राज्याभिषेक रोज हातातून फिरत राहिला. राज्य गेलं, पेशवाई गेली, तरी एकोणिसाव्या शतकात कितीतरी वर्षं गावोगाव शिवराई चालत होती. आजही नांगरटीत एखादी सापडते आणि देव्हाऱ्यात जाऊन बसते. ज्याच्या सोहळ्याला गाव गेलं नाही, त्याचं नाव गावाने असं जपून ठेवलं.

जव्हार: आपल्यातला राजा

राजा आपल्यातलाच असला, म्हणजे सोहळ्याचं रूप कसं पालटतं, ते पाहायला जव्हारला जावं लागतं. आज जव्हार पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातलंच. शहापूर तालुक्याचं जुनं नाव कोळवण, आणि जव्हारची गादी कोळी घराण्याची. म्हणजे हा मुलूख नात्याने एकच.

मुकणे घराण्याचा मूळ पुरुष जयबा. त्याच्या राजेपणाची कथा अशी सांगतात: पिंपरी इथल्या देवस्थानी पाच गोसाव्यांनी त्याला आशीर्वाद दिला आणि जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. सोनं नाही, सिंहासन नाही, पाच फिरस्त्या साधूंचा शब्द एवढाच तो अभिषेक. पुढे जयबा सुरत-काठेवाडकडे गेला, तिकडून परत येऊन जव्हारच्या वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जागा मागितली. नायकाने होकार दिला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांच्या घेरात सगळी जव्हारची जागा घेतली. ही कथा जगात इतरत्रही सापडते. कार्थेजची राणी डायडो हिच्याबद्दल हीच गोष्ट सांगतात. पण जव्हारच्या कथेत एक सल आहे आणि तो झाकलेला नाही. गादी कोळ्याची झाली ती वारल्याची जमीन घेऊन, हे कथाच सांगून टाकते.

जयबाचा मुलगा नेमशहा. त्याला दिल्लीच्या सुलतानाकडून ‘शहा’ हा किताब मिळाला, तो ५ जून १३४३ रोजी. जव्हारच्या लोकांना या दिवसाचं एवढं अप्रूप वाटलं की तिथून त्यांनी आपला स्वतंत्र शक सुरू केला आणि संस्थानच्या कागदपत्रांत तो वापरला. कोकणातल्या डोंगरांत कालगणना सुरू करणाऱ्या दोन गाद्या झाल्या. एक जव्हारची, ५ जूनची, दुसरी रायगडची, ६ जूनची, मधे ३३१ वर्षं. दोन्ही पेरणीच्या महिन्यातल्या.

पण जव्हारच्या रयतेने राजाला मान द्यायचा दिवस आपल्या सोयीने निवडला. तो दसरा. हळवं भात कापणीला आलेलं, नागली-वरी डोलू लागलेली, हाताला थोडी उसंत. पाड्यापाड्यांतून वारली, कोकणा, कोळी, ठाकर, कातकरी माणसं जव्हारची वाट धरत. राजवाड्यात दरबार भरे, शस्त्रं पुजली जात, सोनं लुटलं जाई. याच सुमाराला जव्हारमध्ये शाह सदरुद्दीन बदरुद्दीन चिश्ती यांचा उरूस भरतो. दसरा आणि उरूस दोन्ही मिळून गावाची जत्रा होते, आणि संस्थान विलीन झाल्यावरही ही परंपरा चालू राहिली आहे.

या दिवसाचा प्राण म्हणजे तारपा. वाळवलेला भोपळा, त्याला बसवलेल्या बांबूच्या नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा फुगत गेलेला कर्णा. वाजवणारा गाल फुगवून श्वास कोंडतो आणि सूर तुटू देत नाही. श्वास घेतो कधी, ते जवळ उभं राहूनही कळत नाही. बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात. पुढचा गडी काठी जमिनीवर आपटून पावलं बदलायची खूण करतो. सूर बदलला की फेराची चाल बदलते. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. फेर कितीही लांबला, वळला, गुंडाळला गेला, तरी तोंड मधल्या वाजवणाऱ्याकडेच असतं. वारल्यांच्या चित्रांत आपण जी सर्पिल रांग पाहतो, ती हीच.

राजाच्या दिवशीही या फेराच्या मध्यभागी राजा नसे, तारपा असे. राजा सज्जात उभा राहून बघे. आपलं वाद्य, आपला देव, आपला हंगाम घेऊन लोक त्याच्या दारी येत आणि त्याला आपल्या सणात जागा देत. राजाच्या समारंभात लोक सामील होण्यापेक्षा लोकांच्या सणात राजा सामील होणं हे निराळं असतं. ते जव्हारला झालं, म्हणून ती गादी लहान असूनही लोकांच्या बोलण्यात राहिली.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे लहानपणी गादीवर आले, त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले १९३८ साली. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतर हा राजा लोकांपुढे आला तो उमेदवार म्हणून. १९६२ साली भिवंडी मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. पाच गोसाव्यांच्या आशीर्वादाने सुरू झालेल्या गादीला शेवटी मतपेटीतून मान्यता मिळाली. या घराण्याचा सर्वांत लोकमान्य अभिषेक मी यालाच म्हणेन.

राणीछाप रुपया आणि सरकारी पेढे

इंग्रजांनी भारतात तीन मोठे दरबार भरवले, तिन्ही दिल्लीत: १८७७, १९०३ आणि १९११. दरबार दिल्लीला, पण हुकूम जिल्ह्याजिल्ह्यांत. कलेक्टरकडून मामलेदाराकडे, मामलेदाराकडून पाटलाकडे, पाटलाकडून शाळामास्तरांकडे. कचेरीवर रोषणाई, जाहीरनाम्याचं वाचन, शाळेतल्या पोरांना मिठाई, गोरगरिबांना जेवण, काही कैद्यांची सुटका. लोकांच्या पंचांगात नसलेला हा सण कागदावरून गावात उतरला.

पहिला दरबार १ जानेवारी १८७७ चा, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा. त्याच हिवाळ्यात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, दिल्लीच्या त्या झगमगाटात अंगावर खादी घालून गेले. अकरा वर्षांनी, १८८८ साली, राणीच्या मुलासाठी पुण्यात मेजवानी झाली तेव्हा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. जडजवाहिरात मढलेली ही मंडळी म्हणजे देश नव्हे, देश खेड्यात आहे, असं त्यांनी पाहुण्याला तोंडावर सुनावलं. शिवाजी महाराजांचा कुळवाडीभूषण म्हणून पोवाडा रचणारेही जोतीरावच. राजाचं मोल कुणब्याच्या बाजूने करायचं, ही दृष्टी त्यांनी दिली.

१८९७ च्या जूनमध्ये पुण्यात दहा दिवसांच्या अंतराने दोन सोहळे झाले. आधी टिळकांनी शिवराज्याभिषेकाचा उत्सव केला. त्याचं वृत्त आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली कविता १५ जूनच्या ‘केसरी’त छापली गेली आणि त्यावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची सजा झाली. मग २२ जूनला राणीच्या राज्यारोहणाची साठ वर्षं गणेशखिंडीत साजरी झाली. तिथून परतताना रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरून झालेल्या जुलमाचा तो सूड होता. आपल्या जुन्या राजाचा अभिषेक साजरा करणं राजद्रोह ठरलं, आणि परक्या राणीचा महोत्सव रक्तात संपला. ठाणे जिल्ह्यातही त्याआधीच्या डिसेंबरात उंबरगावकडे खत्तलवाड्याला हजारो शेतकरी जमले होते, दुष्काळात सारा माफ व्हावा म्हणून. कार्यकर्ते पकडले गेले. महोत्सवाच्या वर्षाची सुरुवात या जिल्ह्यात अशी झाली होती.

१९११ च्या दरबारात पंचम जॉर्जच्या नावाने लोकशिक्षणासाठी पन्नास लाख रुपये जाहीर झाले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलेलं होतं. दरबाराला चार महिनेही झाले नव्हते, तोच मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. खैरात द्यायला सरकार तयार होतं, हक्क द्यायला नव्हतं. शाळेतल्या पोराच्या हातावर पेढा पडला, त्या पोराच्या पाड्यात मात्र शाळा पोचायला आणखी पिढ्या गेल्या.

इथेही हातात नाणं उरलं. १८७७ नंतर रुपयावर राणीच्या नावापुढची पदवी बदलून सम्राज्ञी झाली. लोकांना ती वाचता येत नव्हती, त्यांनी त्याला राणीछाप म्हटलं. चांदी चोख म्हणून बायांनी ते रुपये टाके मारून माळेत ओवले. सम्राज्ञीचा मुखवटा ठाकरणीच्या, वारलिणीच्या गळ्यात लोंबत राहिला, आणि अडीअडचणीला सावकाराकडे गहाण पडत राहिला. शिवराई देव्हाऱ्यात गेली, राणीछाप गहाणात. गावाने दोन राज्यांचा निवाडा केला तो असा.

१९३७ च्या मे महिन्यात सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, तेव्हा गावाकडचा सूर पार बदलला होता. आधीच्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं आणि राज्याभिषेकाच्या समारंभांपासून लोकांनी दूर राहावं, असं तिथे ठरलं. पुढची सहा वर्षंही झाली नव्हती, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडच्या सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारला हैराण केलं होतं. दर वर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात. या मुलखात बादशहाच्या अभिषेकाचा दिवस कुणाला ठाऊक नाही. त्या बादशाहीला नकार देणाऱ्यांचा दिवस पोराटोरांना माहीत आहे.

ग्रामपंचायतीच्या दारातली गुढी

२०२१ पासून राज्यातल्या ग्रामपंचायती, पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदांमध्ये ६ जून हा शिवस्वराज्य दिन म्हणून साजरा होतो. भगव्या स्वराज्यध्वजाची गुढी उभारायची, राष्ट्रगीत आणि महाराष्ट्रगीत म्हणायचं, सूर्यास्ताला गुढी उतरवायची. शाळांना सुट्टी असते, म्हणून पोरं कमीच. पुरुषमाणसं धूळपेरणीच्या तयारीत. तरीही गुढी उभी राहते. २०२३ साली राज्याभिषेकाला ३५० वं वर्ष लागलं तेव्हा रायगडावर लाखो पावलं चालून गेली, गावोगावच्या मंडळांनी मिरवणुका काढल्या, ढोल-ताशे वाजले.

साडेतीनशे वर्षांपूर्वी जे घडलं नसेल, ते आता घडतं आहे: राज्याभिषेक प्रत्येक गावाच्या दारात पोचला आहे. त्याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच ते चार प्रश्न इथेही विचारले पाहिजेत. महिना तोच आहे, पेरणीचा. खर्च कधी ग्रामपंचायत करते, कधी वर्गणीतून होतो. पोचण्याची वाट शासन निर्णयाची आहे, म्हणजे पुन्हा कागदावरूनच. आणि हातात काय उरतं?

शहापूर तालुक्यात या प्रश्नाचं उत्तर पाण्यात शोधावं लागतं. रायगडावर राजाच्या मस्तकावर नद्यांची पाणी ओतली गेली. शहापूरच्या नद्यांची पाणी मुंबईला जातात. तानसा धरण १८९२ सालचं, म्हणजे व्हिक्टोरियाच्याच अमदानीतलं. नंतर भातसा आलं. या धरणांच्या भिंती शहापुरात आहेत, बुडालेल्या जमिनी शहापूरकरांच्या आहेत आणि मे-जूनमध्ये टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसणारे पाडेही शहापुरातलेच आहेत. ६ जूनच्या आसपासच ही टंचाई सर्वांत तीव्र असते. गुढीखाली उभ्या राहिलेल्या बाईला सकाळी पाण्यासाठी डोंगर उतरावा लागला असेल, तर स्वराज्याचा हिशोब अजून पुरा झालेला नाही.

शहापूर तालुका आणि मुरबाडमधली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला पाणी, जंगल, गौण खनिज यांबाबत अधिकार दिले आहेत. हे अधिकार म्हणजे गावाला मिळालेली गादीच, पण कितीतरी गावांत त्यावर कुणी बसलेलं नाही. सभेची नोटीस लागते, कोरम होत नाही, ठराव वहीत राहतो. ज्या मुलखाने पाच गोसाव्यांच्या शब्दावर राजा मानला, त्याने आपल्या ग्रामसभेच्या शब्दालाही तेवढीच किंमत द्यायला हवी.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. शिवस्वराज्य दिनाला गुढी उभारून झाली की तिथेच गावाची बैठक घ्या. ऑक्झिंडनने सिंहासनाशेजारी पाहिलेला सोन्याचा तराजू आठवा आणि गावाचा जमाखर्च मोठ्याने वाचा: नळपाणी योजनेला किती आले, किती खर्च झाले, टाकी का गळते, टँकर कुणाच्या पाड्यात पोचला आणि कुणाच्या नाही. पुढच्या वर्षभरात कुठली एक गोष्ट पुरी करायची, ते ठरवा आणि पुढच्या ६ जूनला त्याचा जाब मागा. मिरवणूक दसऱ्याला काढा, तेव्हा हाताला उसंत असते, तारपा आणि कांबड नाच रंगात येतो. ज्येष्ठात हिशोब आणि अश्विनात नाच, हे आपल्या मुलखाच्या हंगामाला धरून होईल. आणि पाड्यावरच्या शेवटच्या घराला पाणी मिळालं, तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या सोहळ्यातून गावाच्या हातात शिवराईहून मोठं काही उरेल.